डाव एकाचा, फेड कोणाची?



आंभोऱ्याची महाशिवरात्रीची यात्रा कुही तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. बाहेरून आलेल्या वाचकासाठी सांगतो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्या जिथे एकमेकींना भेटतात, तिथे चैतन्येश्वराचं स्थान आहे. मुकुंदराजांनी विवेकसिंधु इथेच सांगितला, अशी आम्हा इकडच्या लोकांची श्रद्धा. आता गोसीखुर्दचं पाणी भरलं म्हणजे नद्या वेगळ्या दिसत नाहीत, सगळा एकच समुद्र. त्या पाण्याखाली आमच्या तालुक्यातली गावं गेली, वावरं गेली, देवळं गेली. माणसं नव्या गावठाणात गेली आणि हातात मोबदल्याचा पैसा आला. कधी न पाहिलेला पैसा.

अशाच एका उठलेल्या गावातली बाई त्या रात्री कीर्तन संपल्यावर थांबली. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, टाळकरी आपापल्या सतरंजीवर आडवे झाले, तरी ती मंडपाच्या खांबाला धरून उभीच. मी म्हटलं, काय मायबाई? तर म्हणाली, "एक इचारू का जी महाराज? माह्या पोट्ट्यानं नऊ लाख हारले. वावर इकून भरू का?" आणि थोडं थांबून, "पाप त्याच्यावर का माह्यावर?"

दोन प्रश्न. आणि मी, चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस, तिला काय म्हणालो? "पांडुरंगावर भरवसा ठेव." वाचकहो, ते उत्तर नव्हतं, ती सुटका होती. तिची नव्हे, माझी. पुढे त्या दोन प्रश्नांनी मला जे शोधायला लावलं ते सप्ताहात तीन दिवस बोललो. मंडळींनी ते टिपून घेतलं, तेच इथे थोडं नीट करून देतो. त्या घराची ओळख लागेल अशा खुणा मी बदलल्या आहेत. हिशेब मात्र बदलला नाही.

हिशेब असा. पोरगा सव्वीस वर्षांचा, नागपूरला नोकरीला. मित्रांनी गोव्याला नेलं. पणजीला मांडवी नदीत मोठमोठ्या बोटी उभ्या असतात, त्यांच्यात जुगार चालतो, त्याला कॅसिनो म्हणतात. आत जायचं तिकीट काढलं की खाणंपिणं त्यातच. पहिल्या रात्री पोरानं अठरा हजार जिंकले. (जिंकले नसते तर बरं झालं असतं, असं मी त्याला नंतर म्हटलं. तोही हसला नाही.) मग दोन खेपा आणखी झाल्या, आणि मग गोव्याला जायचीही गरज उरली नाही. तोच कॅसिनो फोनमध्ये आला. त्याला हे लोक 'आयडी घेणे' म्हणतात. मोबदल्याच्या ठेवीतले चार लाख गेले. पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज काढलं, तेही गेलं. बहिणीच्या चार पाटल्या लग्नाच्या पेटीतून काढून गहाण टाकल्या, एक लाख. आणि दोन लाख आयडी देणाऱ्याची उधारी. तो माणूस रोज संध्याकाळी येऊन ओट्यावर बसायचा आणि म्हणायचा, वावराची चिठ्ठी करून द्या.

आता तुम्ही म्हणाल, नऊ लाख ही काय रक्कम झाली? नागपुरातच २०२३ च्या जुलै महिन्यात एक तक्रार नोंदवली गेली, तिच्यातला आकडा ५८ कोटींचा होता. एका व्यापाऱ्याची तक्रार. त्यात म्हटलं होतं ते असं की ओळखीच्या माणसानं मोबाइलवर दुवा पाठवला, खात्यात आठ लाख दिसू लागले, सुरुवातीला जिंकत गेलो, आणि मग हरतच गेलो. पोलीस गोंदियाला आरोपीच्या घरी पोचले, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोवारी सोनं-चांदी निघाली, आणि तो स्वतः दुबईला निघून गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. खरं-खोटं न्यायालय ठरवील. मी सांगतो ती पारावरची गोष्ट. बातमी वाचून आमच्याकडे लोक काय म्हणाले? "होते म्हणून घालवले! आपल्याला काय करायचं?" पण मायबाप, ५८ कोटीवाल्याच्या घरात उरलेलं काहीतरी असतं. या बाईच्या घरात अडीच एकर वावर उरलं होतं, धान आणि मिरचीचं. तिचे नऊ लाख मोठे की त्याचे ५८ कोटी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच. हरला, हे तर दिसतंय. याला जबाबदार कोण?

हा प्रश्न नवा नाही. भरल्या सभेत एका बाईनेच तो पहिल्यांदा विचारला. धर्मराज सगळं हरला. धन गेलं, राज्य गेलं, चार भाऊ गेले, मग स्वतःला लावलं आणि हरला, आणि त्यानंतर द्रौपदीला लावलं. तिला न्यायला दूत गेला, तेव्हा ती रडत बसली नाही. ती म्हणाली, जा आणि त्या खेळणाऱ्याला विचारून ये, आधी तू स्वतःला हरलास की मला? जो स्वतःचाच उरला नाही, तो दुसऱ्याला पणाला लावतो तो कोणत्या अधिकारानं? लक्ष द्या हं. तिनं डावाबद्दल विचारलं नाही, फासे खोटे होते का हेही विचारलं नाही. तिनं विचारलं मालकीबद्दल. आणि सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृपाचार्य होते, कुणीही सरळ उत्तर दिलं नाही. धर्म फार सूक्ष्म आहे म्हणाले. विकर्ण तेवढा उठला, शंभर भावांतला एक, त्यालाही गप्प बसवलं.

मी चाळीस वर्षं हा प्रसंग रंगवतो. दुःशासनावर बोलतो, वस्त्रहरणावर बोलतो, श्रीकृष्ण धावून आला तिथे टाळ्या येतात. पण या बाईनं खांबाला धरून विचारलं, तेव्हा मला कळलं की वहिनीचे दागिने, आईची ठेव, बहिणीच्या पाटल्या, हा सगळा द्रौपदीचाच प्रश्न आहे. ज्यानं डाव टाकला त्याच्या मालकीचं ते कधी नव्हतंच.

दुसरी कथा आपल्या विदर्भाची. दमयंती ही विदर्भाच्या भीमक राजाची मुलगी, कुंडिनपूरची. ते कौंडिण्यपूर आजही अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी आहे, तिथून पंढरीला पालखी जाते. तिचा नवरा नळ निषध देशाचा राजा. कली बारा वर्षं त्याच्या मागे होता, शिरायला फट मिळत नव्हती. एक दिवस राजा पाय न धुता संध्येला बसला, तेवढ्या फटीतून कली आत गेला. मग भाऊ पुष्कराशी द्यूत मांडलं. प्रजा दाराशी आली, मंत्री आले, दमयंतीनं हाका मारल्या. राजाला ऐकू येईना.

इथे थांबा. कीर्तनकाराला विचारणारे विचारतात, महाराज, कली आत शिरला होता ना, मग नळाचा दोष काय? प्रश्न चांगला आहे. आजची वैद्यकविद्याही जवळपास तेच म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. दारूसारखाच. त्या पोरानं मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "जिंकलो तेव्हा नाही जी महाराज. थोडक्यानं हुकलं ना, तेव्हा जास्त लावलो." म्हणजे हरणं त्याला हरणं वाटतच नव्हतं, जवळ आल्यासारखं वाटत होतं. ऐकू न येणारा नळ तो हाच. तेव्हा आजार आहे, हे मान्य. पण महाभारतकारांनी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. पुष्कर म्हणाला, आता दमयंतीला लाव. कली अंगात होता तरी नळानं ते केलं नाही. अंगावरचे दागिने उतरवले आणि एका वस्त्रानिशी चालू लागला. कली शिरल्यावरही माणसाच्या हातात थोडं काहीतरी उरतं. जेवढं उरतं, तेवढ्याचा जाब त्याला द्यावाच लागतो.

आणि दमयंतीनं काय केलं? हे बायकांनी ध्यानात घ्यावं. हाका मारून थकल्यावर ती देवघरात बसून राहिली नाही. खेळ चालू असतानाच वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावलं, दोन्ही लेकरं रथात बसवली आणि कुंडिनपूरला माहेरी पाठवून दिली. डावावर लागण्याआधी जे वाचवता येईल ते वाचवलं. नवऱ्याला सोडलं नाही, वनात त्याच्याबरोबर गेली. पण लेकरं नेली नाहीत.

या कथेचा शेवट जुगाऱ्यांना फार आवडतो. "नळानं शेवटी परत जिंकलंच ना महाराज!" असं मला एकानं तोंडावर सांगितलं. बाबा रे, मधलं पान वाच. ऋतुपर्ण राजानं धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगितलं. नळानं रथ थांबवला, झाड तोडलं आणि एक एक मोजून पाहिलं, तंतोतंत. त्या विद्येचं नाव अक्षहृदय. ती मिळाल्यावर कली त्याच्या अंगातून बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात शिरला. बेहडा आपल्या उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात भरपूर आहे. जुन्या काळी फासे त्याच्याच फळांचे होत. तर कली कशानं गेला? मोजायला शिकल्यानं गेला.

म्हणून आपणही मोजू. कॅसिनोत एक फिरतं चक्र असतं. त्याला शून्य ते छत्तीस असे सदतीस खण. तुम्ही एका आकड्यावर शंभर रुपये लावले आणि गोळी तिथे पडली, तर तुमचे शंभर परत आणि वर पस्तीसशे. किती उदार वाटतं! आता समजा, आपल्या दिंडीतले सदतीस वारकरी बसले आणि प्रत्येकानं वेगळ्या आकड्यावर शंभर लावले. टेबलावर सदतीसशे आले. गोळी कुठेतरी पडणारच, कुणीतरी एक जिंकणारच. त्याला मिळाले छत्तीसशे. शंभर रुपये कुठे गेले? मालकाच्या पेटीत. कोण जिंकलं याच्याशी मालकाला देणंघेणं नाही. प्रत्येक फेरीला शेकड्यामागे पावणेतीन रुपये त्याचे. रात्रभर चक्र फिरतं. मालक जुगार खेळतच नाही, मायबाप! त्या बोटीत जुगार न खेळणारा माणूस एकच, तो मालक. हे झालं फासे खरे असतील तर. फोनमधल्या आयडीत चक्रही त्याचं, गोळीही त्याची, आकडाही त्यानंच दाखवायचा. शकुनीला निदान फासे हातानं टाकावे लागत होते.

मग सरकार काय म्हणतं? इथे गंमत आहे, कडू गंमत. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या वेळचा. तो अड्डा चालवणाऱ्यालाही धरतो आणि अड्ड्यावर सापडलेल्यालाही. पोळ्याच्या पाडव्याला आपल्याकडे तासपत्त्यांवर धाडी पडतात त्या याच कायद्यानं. १९७६ साली कॅसिनो चालू द्यावे असाही एक कायदा राज्यानं केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्दच करायचं ठरवलं. चांगलं झालं. गोव्यानं त्याच १९७६ साली जुगारबंदीचा कायदा केला, मग १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना वाट दिली, १९९६ मध्ये बोटींवरच्या खेळाला. आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्याच रहिवाशाला त्या कॅसिनोत प्रवेश बंद. म्हणजे हे विष आहे, हे त्यांना कळतं. आपल्या लेकराला मनाई, शेजारच्याच्या लेकराला पायघड्या!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. तो पीडित आहे असं कायदा मानतो. पारावर लगेच वाद झाला. एक म्हणाला, मग खेळणारा सुटला! दुसरा म्हणाला, जुना कायदा बरा होता, दोघांनाही धरायचा. माझं मत विचाराल तर तुरुंगातून सुटणं आणि हिशेबातून सुटणं या दोन गोष्टी आहेत. सरकारनं त्याला कोठडीतून सोडलं, बहिणीच्या पाटल्यांतून नाही सोडलं.

हाच वाद सातासमुद्रापलीकडे कोर्टात गेला आहे, तो सांगतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न नावाचं शहर आहे, तिथे क्राऊन नावाचा कॅसिनो. हॅरी काकावास नावाचा जमिनींचा व्यवहार करणारा माणूस तिथे २००५-०६ च्या सुमारास दोन कोटींहून जास्त डॉलर हरला. त्यानं दावा लावला की मी व्यसनी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, मी पूर्वी स्वतःच इथे स्वतःवर बंदी घालून घेतली होती, तरी तुम्ही खासगी विमान पाठवून मला बोलावलं. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, कॅसिनोच्या बाजूनं. तू आपलं हित समजण्याइतका शुद्धीवर होतास, म्हणाले. ऐकून वाटतं, चला, खेळणाराच जबाबदार, विषय मिटला. नाही मिटला. त्याच क्राऊन कॅसिनोला २०२२ साली तिथल्या नियामकानं १२ कोटी डॉलर दंड केला, कारण माणसं चोवीस-चोवीस तास न थांबता खेळत होती आणि यांनी थांबवलं नाही. पहिल्या निकालात खेळणारा दोषी, दुसऱ्यात खेळवणारा दोषी. दोन्ही बरोबर. आपल्याला सवय आहे दोष वाटण्याची, पोळीसारखा. अर्धी त्याला, चतकोर याला, म्हणजे मला कमी. पाप पोळीसारखं नसतं हो. एका दिव्यावर दुसरा लावला म्हणून पहिल्याचा उजेड घटत नाही. शकुनी पूर्ण दोषी होता म्हणून धर्मराज अर्धा दोषी होत नाही.

वाल्या कोळी आठवा. नारदांनी सांगितलं, जा, घरी विचारून ये, पापात वाटेकरी होता का? बायको म्हणाली नाही, लेकरं म्हणाली नाही. आपण त्या बायकोला किती नावं ठेवतो! फुकट खाणारी म्हणतो. पण ती बरोबर होती. तिनं दरोडा घालायला सांगितलं नव्हतं. आज काय होतं? पापात वाटा नाही, पण कर्जात वाटा आला. पोरगा हरतो, आणि आईनं वावर विकावं असं सगळं गाव तिला समजावतं. "इज्जतीचा प्रश्न आहे." कुणाच्या इज्जतीचा? ओट्यावर येऊन बसतो त्याच्या?

आता माझं स्वतःचं सांगतो. हे रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं, छापताना मुद्दाम घालतो आहे. बरीच वर्षं झाली. एका गावी सप्ताह होता. मंडप, अन्नदान, लाउडस्पीकर, सगळा खर्च एका शेठचा. तो सट्टापट्टी चालवतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, मलाही. त्याचा दूत पारावर चिठ्ठ्या फाडायचा. मी शाल घेतली, नारळ घेतला, बिदागी घेतली आणि व्यासपीठावरून त्याला दानशूर म्हटलं. त्या रात्री माझ्या मनात द्यूतपर्व होतं. मी ते टाळलं आणि सुदाम्याचे पोहे लावले. कुणाला कळलं नाही. कथेकरी सांगतात, शरपंजरी भीष्म धर्म सांगू लागले तेव्हा द्रौपदी हसली. म्हणाली, तेव्हा कुठे होतं हे ज्ञान? भीष्म म्हणाले, बाई, दुर्योधनाचं अन्न रक्तात होतं, आता बाणांनी ते रक्त वाहून गेलं. माझं अजून कुठे वाहून गेलंय! पण तेव्हापासून सप्ताहाचं बोलावणं आलं की मंडप कुणाचा ते विचारतो. दोन ठिकाणी मला पुन्हा बोलावलं नाही. ठीक आहे.

देवालाही आपण यात ओढतो, तेही बोलून टाकतो. जिंकलो तर कळस चढवीन, जिंकलो तर पायी येईन. म्हणजे देव भागीदार. भिलाईकडच्या एका सट्ट्याच्या ॲपला तर महादेवाचंच नाव दिलं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ते बंद करायचा आदेश काढला. चैतन्येश्वराच्या पायरीवर बसून पोरगा फोनमध्ये 'महादेव' उघडतो आणि आई आत गाभाऱ्यात महादेवाला बेल वाहते! त्या पोरानंही शेवटी मला तेच विचारलं. "महाराज, माळ घालतो, मंग सुटंन ना सगळं?" मी म्हटलं, माळ घाल, जरूर घाल, पण माळ ही पतसंस्थेची पावती नाही.

आता बाईच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. यात्रेनंतर आठव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. बरोबर कुहीचे एक वकील होते, आपल्याच दिंडीतले. आम्ही एक एक आकडा वेगळा केला. ठेवीचे चार लाख गेले. ते परत आणायला पुन्हा खेळायचं नाही, हे आधी पोराकडून वदवून घेतलं, कारण बहुतेकांचे पुढचे चार लाख मागचे चार काढायलाच जातात. पतसंस्थेचे दोन लाख खरं कर्ज. सही त्याची, फेडणार तो. आई जामीनदार आहे का, हे वकिलांनी कागद मागवून पाहिलं. नव्हती. जामीनदार नसेल तर सज्ञान मुलाचं कर्ज आईच्या अंगावर येत नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं. आणि आयडीवाल्याचे दोन लाख? १८७२ च्या करार कायद्याचं तिसावं कलम सांगतं की पैजेचा करार हा करारच नाही, त्याची वसुली कोर्टातून होत नाही. ओट्यावर बसणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तर तो कोर्टात न जाता ओट्यावर येतो. आणि उधारीच्या बदल्यात जमिनीची चिठ्ठी लिहून घेणं ही अवैध सावकारी असू शकते. त्याची तक्रार तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे करता येते. धमकी दिली तर ठाण्यात.

त्या संध्याकाळी आम्ही सहा जण ओट्यावर आधीच बसलो होतो. सरपंच, पोलीस पाटील, वकील, दोन टाळकरी आणि मी. तो आला, बघितलं, मोटरसायकल बंद न करताच उभा राहिला. वकील शांतपणे बोलले. तो काहीतरी पुटपुटून गेला. आणखी दोनदा आला, मग आला नाही. फार शौर्य केलं असं नाही. सहा माणसं बसली एवढंच. कौरवसभेत सहा माणसं उठून उभी राहिली असती तर, असं मला वाटून गेलं.

पोराला नागपूरच्या मनोरुग्णालयात नेलं. पहिल्यांदा आई नाही म्हणाली, "माहा पोरगा पागल नाही जी." डॉक्टरांनी तिला समजावलं. ज्यांना इतक्या लांब जाणं जमत नाही त्यांनी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सिंगापूर देशात घरच्या माणसांना अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोत बंदी घालून घेता येते, तशी सोय आपल्याकडे मला कुठे दिसली नाही. म्हणून बँकेचं पुस्तक आणि मोठा फोन आईच्या पेटीत, पोराकडे साधा बटणांचा फोन. पगार आईच्या हातात. नागपूरची नोकरी गेली होती, तो आता मिरचीच्या सातऱ्यावर पोती उचलतो.

राहिला दुसरा प्रश्न, पाप कोणावर? मी तिला म्हटलं, मायबाई, तुझ्यावर नाही. तू फासा टाकला नाहीस, टाकायला सांगितलं नाहीस, कळलं तेव्हा गप्पही बसली नाहीस, खांबाला धरून उभी राहिलीस. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग वावर नाही इकत." एवढंच.

वावर विकलं नाही. या वर्षी धान बरं झालं, मिरचीला भाव मात्र पडला. पोरगा पतसंस्थेचा हप्ता भरतो, पावत्या आईकडे देतो. ती वाचू शकत नाही, पण मोजते. बहीण मात्र त्याच्याशी अजून बोलत नाही. लोक मला म्हणतात, महाराज, तुम्ही समजूत घाला. मी गेलो नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी कोण देणार? चार पाटल्यांपैकी दोन सुटल्या आहेत. दोन अजून गहाण आहेत.